महिना वीस तारखेलाच का संपतो? घरखर्चाच्या एका वहीला दिलेलं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. लातूरमध्ये भाड्याच्या दोन खोल्यांत पाच जणांचं घर. यजमान एमआयडीसीत खासगी नोकरीला, हातात पगार 34,000. ताई घरी ब्लाउज शिवतात, त्याचे महिन्याला साधारण 6,000. सासऱ्यांच्या मागे सासूबाईंना पीएफची 1,000 रुपये पेन्शन. मुलगा अकरावी सायन्सला, मुलगी सातवीत. ताई लिहितात: ‘दिवाळीनंतर बातमी ऐकली, महागाई पाव टक्क्यावर आली. बारा लाखांपर्यंत कर नाही, जीएसटीही उतरला. मग आमचा महिना वीस तारखेलाच का संपतो? घरात सगळे म्हणतात माझा हात सैल आहे. खर्चाची वही पाठवते, कुठे चुकतंय तेवढं सांगा.’

ताई, तुमची वही मी दोनदा वाचली. लातुरातच करसल्लागार म्हणून माझी सव्वीस वर्षं गेली. एका पतसंस्थेचे हिशेबही तपासतो, त्यामुळे घरं कुठे कमी पडतात ते कर्जाच्या अर्जांवरून रोज दिसतं. आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, ती सासूबाईंना आणि यजमानांनाही वाचून दाखवा. तुमचा हात सैल नाही. किराणा 7,500, दूध 2,400, भाजी 2,500 म्हणजे पाच माणसांच्या दोन्ही वेळच्या जेवणाला, चहा-नाश्त्याला धरून 12,400. माणशी दिवसाला 83 रुपये होतात. याच्यात आणखी चिमटा काढायला जागा नाही, आणि काढायचा ठरवलाच तर तो मुलांच्या दुधातून निघेल.

मग चूक कुठे आहे? वहीच्या पहिल्या पानावर तुम्ही सहज लिहिलंय: ‘2022 च्या एप्रिलमध्ये पगार 31,500 होता.’ सगळं उत्तर त्या ओळीत आहे. देशाची सरासरी किरकोळ महागाई 2022-23 मध्ये 6.7 टक्के होती, 2023-24 मध्ये 5.4 आणि 2024-25 मध्ये 4.6. हे तीन आकडे एकावर एक चढतात, त्यांची नुसती बेरीज होत नाही. तीन वर्षांत मिळून साडेसतरा टक्क्यांच्या वर जातात. 31,500 रुपयांत तेव्हा जे येत होतं ते आणायला आता 37,000 रुपये लागतात. पगार आहे 34,000. तीन हजार कमी. आता वहीचं शेवटचं पान बघा. तिथे तुम्ही लाल पेनानं लिहिलंय, ‘दर महिन्याला अडीच-तीन हजार उसने’. हिशेब तिथल्या तिथे जुळतो. तुम्ही काही जास्त खर्च करत नाही. पगार जागच्या जागी आक्रसलाय आणि त्याचा बोल तुम्हाला लागतोय.

सरकारी नोकरीत असं होत नाही. तिथे महागाई भत्ता जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा निर्देशांकाला बांधून वाढतो. किमान वेतनाच्या यादीतल्या कामगारांनाही आपल्या राज्यात सहामाही विशेष भत्ता मिळतो. मधे अडकतो तो तुमच्या यजमानांसारखा माणूस. किमान वेतनाच्या वर, सरकारी नोकरीच्या बाहेर. त्याचा पगार मालकाच्या मर्जीनं वाढतो.

आता ती पाव टक्क्याची बातमी. बातमी खरी आहे. ऑक्टोबर 2025 चा किरकोळ महागाईचा दर 0.25 टक्के निघाला, 2012 हे आधारवर्ष धरलेल्या मालिकेतला तो सगळ्यात कमी. पण तो दर सांगतो काय, तर गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरपेक्षा यंदाच्या ऑक्टोबरमध्ये भाव किती वाढले. आणि गेल्या वर्षीचा ऑक्टोबर कसा होता ते आठवा. तेव्हा दर 6.21 टक्के होता, खाण्यापिण्याच्या वस्तूंचा तर 10.87. म्हणजे मोजपट्टी लावली तीच मुळी उंच ओट्यावरून. समजा एखादी भाजी 20 रुपये किलो होती, पुढच्या वर्षी 60 झाली आणि त्याच्या पुढच्या वर्षी 45. कागदावर ती 25 टक्के स्वस्त झाली. तुमच्या पिशवीत ती अजूनही दुपटीहून महाग आहे. दर खाली आला म्हणजे भाव चढायचा वेग कमी झाला. चढलेले भाव उतरून पुन्हा 2022 ला गेले, असा त्याचा अर्थ होत नाही.

दुसरी गोष्ट त्या टोपलीची. सरकार महागाई मोजतं ते एका सरासरी घराच्या टोपलीवरून. 2012 च्या मालिकेत त्या टोपलीत भाजीपाल्याचा वाटा 6.04 टक्के आहे. तुमची भाजी 41,000 मध्ये 2,500, म्हणजे सहाच टक्के. इथे तुम्ही आणि देश बरोबरीत. पण शिक्षणाला त्या टोपलीत वाटा आहे 4.46 टक्के. तुमच्या घरात मुलाची शिकवणी वर्षाला 60,000 म्हणजे महिन्याला 5,000 आणि मुलीची शाळा 1,800. मिळून साडेसोळा टक्के, सरासरी घराच्या पावणेचार पट. तुमच्या घराची महागाई ठरवणारी वस्तू कांदा-टोमॅटो नाही, फी आहे. टोमॅटो चढतो तसा उतरतोही. फी उतरलेली मी सव्वीस वर्षांत पाहिली नाही. (निर्देशांकाची नवी मालिका आली की हे वाटे बदलतात. तरी ज्या घरात अकरावी-बारावीचं मूल आहे त्या घराला कुठलीही सरासरी लागू पडणार नाही.)

बारा लाखांच्या करमाफीचं दोन वाक्यांत सांगतो. तुमच्या यजमानांचं वर्षाचं उत्पन्न चार लाखांच्या थोडं वर आहे आणि पाच लाखांपर्यंत तर 2019-20 पासूनच कर लागत नव्हता. 1 फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पातली ती सगळ्यात गाजलेली घोषणा, जिच्यावर केंद्रानं सुमारे एक लाख कोटींच्या उत्पन्नावर पाणी सोडलं, तुमच्या घरात एक रुपयाही घेऊन आली नाही. ज्यांना फायदा झाला त्यांचं मला वाईट वाटत नाही, त्यांचे रिटर्न मीच भरतो. पण टीव्हीवर ‘मध्यमवर्गाला दिलासा’ असं म्हणतात तेव्हा त्या मध्यमवर्गात तुम्ही धरलेल्या नाहीत, एवढं कळलेलं बरं.

जीएसटीचं मात्र वहीच्या ओळी घेऊन बोलू, कारण तिथे खरोखर काही उतरलंय. 22 सप्टेंबर 2025 पासून साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल 18 वरून 5 टक्क्यांवर आलं. तुमचा हा खर्च सातशेचा, त्यात पंच्याहत्तरच्या आसपास वाचले. बिस्किटं, फरसाण, तूप यांत चाळीसेक. वह्या-पेन्सिलींवरचा कर गेला, त्याचे महिन्याला बारा-तेरा. विम्याच्या हप्त्यावरचा कर शून्य झाला, त्यात तीसेक. सगळ्यात जास्त वाचले ते सासूबाईंच्या गोळ्यांत. औषधं 12 वरून 5 वर आली, 2,200 मध्ये 135 च्या पुढे. मिळून 300 रुपये. हे 300 खरे आहेत, ते नाकारू नका. मेडिकलवाल्यानं गोळ्यांची किंमत कमी लावली की नाही हे सप्टेंबरच्या आधीचं बिल शेजारी ठेवून तपासा. माझ्याकडे आलेल्या तिघांनी तपासलं तेव्हा एकाची जुनीच किंमत लागत होती. दूध, भाजी, सुटे तांदूळ-गहू यांवर आधीही कर नव्हता. खाद्यतेल, साखर, चहा आधीही 5 टक्क्यांत होते, आताही आहेत. म्हणून किराण्याचा मोठा भाग जागचा हलला नाही.

आता शिकवणीची पावती काढा. मी मुद्दाम तुमच्याकडून तिचा फोटो मागवला होता. खाली बारीक अक्षरांत लिहिलंय, ‘सर्व करांसह’. शाळा-कॉलेजच्या फीवर जीएसटी नाही, पण खासगी शिकवणीवर 18 टक्के आहे, आणि सप्टेंबरच्या बदलात त्याला कुणी हात लावलेला नाही. 60,000 च्या आत कर आहे 9,152 रुपये. साबणापासून औषधांपर्यंत सगळीकडून तुमचे वर्षाला 3,600 वाचले आणि या एका पावतीत 9,152 गेले, अर्धे केंद्राला, अर्धे राज्याला. घरात कुणी ‘आपण कुठे कर भरतो’ म्हणालं तर ही पावती दाखवा. लातूर पॅटर्नचं कौतुक राज्यभर होतं, दरवर्षी बाहेरगावची हजारो मुलं इथे येऊन राहतात. त्या प्रत्येक मुलाच्या बापाच्या खिशातून हा कर जातो आणि बहुतेकांना तो गेलेला कळतही नाही.

पुढच्या वर्षी फी दहा टक्के वाढली, शाळेचीही तेवढीच वाढली, तर महिन्याला 680 रुपयांचा भार वाढेल. जीएसटीतून वाचलेले 300 त्याच्यापुढे कुठे पुरणार? शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के खर्च करावा असं कोठारी आयोगानं 1966 मध्ये सांगितलं, 2020 च्या शैक्षणिक धोरणानं तोच आकडा पुन्हा लिहिला आणि तो अजून गाठलेला नाही. आरोग्याचं तसंच. 2017 च्या आरोग्य धोरणात 2025 पर्यंत सरकारी खर्च देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्के करायचा असं ठरलं होतं. सरकारनं जो खर्च केला नाही तो नाहीसा होत नाही. तो तुमच्या वहीत शिकवणी, गोळ्या, उन्हाळ्यातला टँकर अशा नावांनी येऊन बसतो. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते सगळ्यांच्या लक्षात आहे. त्या चार महिन्यांत घराघरांनी टँकरला किती मोजले त्याची नोंद कुठल्या अंदाजपत्रकात नाही, फक्त अशा वह्यांत आहे.

पेट्रोलचे 2,500 म्हणजे साधारण 24 लिटर. एप्रिल 2025 पासून केंद्राचं उत्पादन शुल्क लिटरला 21 रुपये 90 पैसे आहे, म्हणजे महिन्याला तुमचे सव्वापाचशे. राज्याचा मूल्यवर्धित कर 25 टक्के आणि वर लिटरमागे 5 रुपये 12 पैसे, तोही तेवढाच किंवा थोडा जास्तच होतो. हजाराच्या वर कर झाला. आणि एप्रिलमध्ये केंद्रानं शुल्क 2 रुपयांनी वाढवलं तेव्हा पंपावरचा भाव हलला नव्हता, आठवतं? तेव्हा जगात कच्चं तेल उतरलं होतं. जे 2 रुपये कमी व्हायला हवे होते ते कमी झाले नाहीत, एवढंच झालं. त्याची ओरड झाली नाही, कारण कुणाचं बिल वाढलं नव्हतं. शिवाय त्या 21.90 मध्ये राज्यांबरोबर वाटून घ्यायचं मूळ शुल्क फक्त 1 रुपया 40 पैसे आहे. बाकी सगळा उपकर आणि अधिभार, तो केंद्राकडेच राहतो. मग राज्य आपली झोळी भरायला दुसरीकडे बघतं.

राज्यानं कुठे बघितलं ते तुमच्या वहीत सापडतं. जानेवारीच्या पानावर ‘एसटी, औसा’ या ओळीचे पैसे अचानक वाढलेत. 25 जानेवारी 2025 पासून एसटीचं भाडं 14.95 टक्क्यांनी वाढलं. तुम्हाला आणि सासूबाईंना 2023 पासून अर्धं तिकीट आहे म्हणून झळ कमी बसली, यजमान आणि मुलगा गेले की पूर्ण बसते. त्याआधी ऑक्टोबर 2024 मध्ये शंभर-दोनशेच्या मुद्रांकाची कामं पाचशेवर नेली. यातलं काहीच अर्थसंकल्पाच्या भाषणात नव्हतं.

गॅसचंही तेच. मुंबईच्या दरानं बोलायचं तर मार्च 2023 मध्ये सिलिंडर 1,102.50 ला गेला, ऑगस्टअखेर 200 उतरले, मार्च 2024 मध्ये आणखी 100 उतरले, एप्रिल 2025 मध्ये 50 चढले. यातली एकही तारीख 1 फेब्रुवारीची नाही.

तेलाची गोष्ट मात्र मला जरा सविस्तर सांगायची आहे, कारण ती तुमच्या दोन्ही घरांची आहे. तुम्ही लिहिलंय की माहेरी औसा तालुक्यात वडिलांचं तीन एकर सोयाबीन आहे. 14 सप्टेंबर 2024 ला, गणपती अजून बसलेले होते, केंद्रानं कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं आयात शुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीसवर नेलं. रिफाइंड तेलावर पावणेचौदाचं पावणेछत्तीस झालं. आपल्या देशाला लागणारं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं, त्यामुळे दुकानातली पिशवी आठवडाभरातच पंधरा-वीस रुपयांनी चढली. तुमच्या वहीत सप्टेंबरच्या शेवटी ‘तेल 5 पिशव्या’ यापुढे तुम्ही उद्गारचिन्ह काढलंय ते त्याचंच. दसरा-दिवाळी तोंडावर होती.

शुल्क वाढवायचं कारण चांगलं सांगितलं गेलं होतं, सोयाबीन उत्पादकाला भाव मिळावा. मलाही तेव्हा ते पटलं होतं. पण आपल्या मार्केट यार्डात झालं काय? हमीभाव 4,892 असताना त्या हंगामात सोयाबीन चार-साडेचार हजारांच्या आसपासच फिरत राहिलं. याचं कारण सोयाबीनच्या दाण्यातच आहे. क्विंटलभर सोयाबीन गाळलं तर तेल निघतं अठरा किलोच्या आसपास, बाकी जवळजवळ सगळी पेंड. दाण्याचा भाव मोठ्या प्रमाणात पेंडीवर चालतो, आणि पेंडीचा बाजार मंद होता. कोंबडीखाद्यात मक्याचा स्वस्त चोथा तिची जागा घेत होता, बाहेरच्या देशांत आपल्या पेंडीपेक्षा स्वस्त पेंड मिळत होती. तेल महाग करून दाणा महाग झाला नाही. म्हणजे मुलीनं लातुरात जादा मोजले आणि वडिलांच्या हातात औशात ते पोचले नाहीत. मधली रक्कम शुल्क म्हणून तिजोरीत गेली. पुढे मे 2025 च्या अखेरीला कच्च्या तेलावरचं शुल्क कमी करून साडेसोळावर आणलं, पण पिशवी सप्टेंबरच्या आधीच्या भावाला परत आली नाही. चढताना आठवडा लागतो, उतरताना महिने जातात, हे तुम्हीही पाहिलंच असेल.

तेल घेताना पिशवीवरचं वजन वाचा. लिटर म्हणजे साधारण 910 ग्रॅम. त्याच मापाच्या दिसणाऱ्या, साडेआठशे किंवा त्याहून कमी ग्रॅमच्या पिशव्याही रॅकवर शेजारी ठेवलेल्या असतात. भावाला ग्रॅमनं भागा, मग कुठली स्वस्त ते कळेल.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. अर्थसंकल्प झाला की लोक विचारतात काय स्वस्त झालं, काय महाग झालं. तुमच्यासारख्या घरानं विचारायचा प्रश्न निराळा आहे: कुठला आकडा बदलला नाही? सासूबाईंची 1,000 रुपये पेन्शन घ्या. ईपीएसची, म्हणजे पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेची, ही किमान पेन्शन सप्टेंबर 2014 मध्ये ठरली, ती तिथेच आहे. सरकारच्याच निर्देशांकानं मोजलं तर त्या हजारांचं मोल आज साधारण सहाशेच्या आसपास उरलंय. ज्या पगारावर पीएफ सक्तीचा आहे ती 15,000 ची मर्यादाही त्याच महिन्यातली. पीएम किसानचे वर्षाचे 6,000 सुरुवातीपासून तेवढेच. वृद्धापकाळ पेन्शनमध्ये साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसासाठी केंद्राचा वाटा महिन्याला 200 रुपये आहे, कित्येक वर्षं. रेशनच्या प्राधान्य गटात बसायला शहरात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 59,000, म्हणजे महिन्याला पाच हजार कमावणारं घरही बाहेर. यातल्या एकाही आकड्याला कुणी कात्री लावली अशी बातमी कधी छापून आली नाही. कात्री दरवर्षी लागते, भाषण न करता लागते.

लाडकी बहीण योजनेचं तुम्ही विचारलंय. शेजारच्या बाईंना मिळतात, मला का नाही? कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, तुमचं चार लाखांच्या वर आहे. अर्ज करू नका, पुढे वसुलीची नोटीस आली तर ताप होईल. शेजारणीला मिळतात याचा राग धरू नका, तिच्या घरात त्या 1,500 नी पोरांची फी जाते हे मी पाहिलंय. पण त्या 1,500 ला देखील महागाईची दोरी बांधलेली नाही. वर्षाला 5 टक्क्यांनी भाव वाढले तर पाच वर्षांनी त्यांत आजचं 1,175 रुपयांचं सामान येईल. आणि राज्याचं 2025-26 चं अंदाजपत्रक बघा. योजनेला 36,000 कोटी आणि महसुली तूट 45,891 कोटी. तूट भरायला कर्ज, कर्जाला व्याज. केंद्राच्या त्याच वर्षीच्या अंदाजपत्रकात तर खर्चाच्या दर रुपयातले 20 पैसे नुसत्या व्याजाला होते, संरक्षणाला 8 पैसे. योजना बंद करा असं माझं म्हणणं नाही. ऑगस्टमध्ये हातात आलेले पैसे जानेवारीत एसटीच्या खिडकीवर थोडेथोडे परत मागितले जातात, हे डोळ्यांआड करू नये एवढंच.

मग करायचं काय? तीन हजारांची तूट किराण्यातून भरून निघणार नाही हे वर सांगितलंच. मी तुमच्या जागी असतो तर आधी बांगड्यांकडे बघितलं असतं. शिकवणीच्या पहिल्या हप्त्यासाठी तुम्ही जूनमध्ये दोन बांगड्या गहाण ठेवल्या आणि व्याज ‘दीड टक्का’ म्हणून लिहिलंय. ते महिन्याचं आहे, वर्षाला अठरा झाले. राष्ट्रीयीकृत बँकेत जाऊन सोनेतारणाचा वार्षिक दर लेखी विचारा. बहुतेक वेळा बराच कमी निघतो आणि कर्ज तिकडे हलवता येतं. एक इशारा. 2025 मध्ये सोनं तोळ्याला लाखाच्या पार गेल्यामुळे ‘त्याच बांगड्यांवर आणखी पैसे घ्या’ असा फोन तुम्हाला येईल, कदाचित आलाही असेल. घेऊ नका. पतसंस्थेत मी बघतो, सोनं सुटत नाही ते पहिल्या कर्जामुळे नाही, या दुसऱ्या उचलीमुळे.

गाडीचे चौदा हप्ते राहिलेत, ते जाऊ द्या. भिशी तुमच्या मैत्रिणींची, विश्वासाची असेल तर तिच्यातून बाहेर पडू नका, पण उचल आली की ती सणाला न लावता बांगड्या सोडवायला लावा. विम्याची पॉलिसी रागाच्या भरात मोडू नका, ती ‘पेड-अप’ केली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून तशीच ठेवली, तर काय मिळतं हे शाखेत लेखी विचारा.

सासूबाईंची औषधं: डॉक्टरांना रासायनिक नावानं चिठ्ठी मागा आणि जन औषधी दुकानात भाव विचारा. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या रोजच्या गोळ्या तिथे बऱ्याचदा निम्म्याहून कमी दरात मिळतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार आहेत, केशरी-पिवळ्या कार्डाची अट राहिली नाही. पाचही जणांची कार्डं आजारपण यायच्या आधी काढून ठेवा. रात्री दवाखान्याच्या दारात कागद शोधणारी माणसं मी फार पाहिली.

मुलाचं पुढचं बघा. बारावीनंतर व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच घ्या, व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर सवलत जाते. उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत शिक्षण शुल्काचे निम्मे मिळतात, तुमचा प्रवर्ग दुसरा असेल तर त्याची वेगळी योजना आहे. मुलीसाठी तर 2024-25 पासून त्याच मर्यादेत शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. शिकवणीला लाख घालून मग फीमाफी नुसत्या दाखल्यावाचून घालवणारी घरं दर जुलैला माझ्यासमोर बसलेली असतात. उत्पन्नाचा दाखला एप्रिल-मेमध्येच सेतूतून काढा. जूनमध्ये रांग लागते आणि सर्व्हरही बसतो.

शिकवणीच्या पुढच्या हप्त्याच्या वेळी पावतीवर जीएसटी क्रमांक छापलेला आहे का ते बघा. पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा 27 नं सुरू होतो. क्रमांक नसेल तर त्यांना तुमच्याकडून कर घेता येत नाही, आणि मग हप्त्यातल्या 18 टक्क्यांबद्दल शांतपणे विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

राहिला पगार. तुमच्या घरातली सगळ्यात मोठी गळती तीच आहे, आणि घरात बोलणं होतं फक्त भाजीवर. यजमानांना एका कागदावर तीन ओळी लिहून द्या: एप्रिल 2022 ला 31,500, तीन वर्षांची महागाई 6.7, 5.4, 4.6, तेवढ्याच मोलाचा पगार 37,000. मार्चमध्ये वाढीचं बोलणं निघेल तेव्हा ‘घरी अडचण आहे’ असं सांगू नका. अडचण प्रत्येकालाच असते, मालक मान हलवतो आणि पाचशे वाढवतो. हे तीन आकडे ठेवले की त्याला आकड्यानंच बोलावं लागतं. माझ्या अशिलांपैकी दोघांना या कागदावर दोन-दोन हजार मिळाले, एकाला काहीच मिळालं नाही. तुमच्या ब्लाउजच्या शिलाईचं तेच. दोन वर्षं तुम्ही शिलाई वाढवलेली नाही, दोरा, अस्तर, हूक सगळं वाढलं, हे तुमच्याच वहीत दिसतंय. संक्रांतीच्या आधी नवा दर लिहून मशीनच्या वर लावा.

1 फेब्रुवारीला भाषण ऐकाल तेव्हा वही जवळ ठेवा. ईपीएसचे 1,000 हलतात का, शिकवणीवरचे 18 हलतात का, पेट्रोलचे 21.90 कुठे जातात, हे आठवड्याभरात जे समोर येईल ते तारखेसकट टिपा आणि मला कळवा. बँकेनं सोनेतारणाचा दर काय सांगितला तेही लिहा, मग कर्ज कसं हलवायचं त्याचे कागद मी पाठवतो.